कोनाच्या घरी आले, भाऊ?

वऱ्हाडात परका माणूस पाच कारणांनी येतो. लग्नाला, मयतीला, सोयरीक पाहायला, वसुलीला आणि मतं मागायला. ‘सहज फिरायला आलो’ असं सांगणारा माणूस एकतर खोटं बोलतो, नाहीतर तो कुठे आहे हे त्याच्या घरच्यांना ठाऊक नसतं, अशी अकोल्यापासून अचलपूरपर्यंत पक्की समजूत आहे. फिरायचंच तर चिखलदरा आहे. तिथे थंडी आहे, दऱ्या आहेत, इंग्रजांनी लावलेली कॉफी आहे आणि भीमाने कीचकाला जिथे फेकलं ती जागा दाखवायला माणसंही आहेत. ते सगळं टाकून मूर्तिजापूरला उतरायचं आणि दर्यापूरकडे तोंड करून चालू लागायचं, याला वऱ्हाडात फिरणं म्हणत नाहीत. संशयास्पद हालचाल म्हणतात.

मला एका बंद पडलेल्या रेल्वेच्या कडेकडेने जायचं होतं. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटर. अकोला जिल्ह्यात सुरू होऊन अमरावती जिल्ह्यात संपणारी अडीच फूट रुंदीची लाइन. अख्खा मुलूख तिला शकुंतला म्हणतो. धावत होती तेव्हा एवढ्या अंतराला ती चार तास घ्यायची. गेली काही वर्षं तेही घेत नाही. तेव्हा एसटी, काळीपिवळी आणि दोन्ही नसेल तिथे पाय, असा माझा बेत होता.

मुंबईहून येणारी अमरावती एक्स्प्रेस पहाटे मूर्तिजापूरला सोडते. मोठ्या लाइनीवरच्या गाड्या धडधडत निघून जातात आणि बाजूला धाकटी लाइन गवतात निजलेली दिसते. मी दोन रुळांच्या मधलं अंतर पावलाने मोजून पाहिलं. माझं एक लांब पाऊल म्हणजे शकुंतला. मोजमाप झालं, रुळांचे दोन फोटो काढले आणि बाहेरच्या टपरीवर चहा सांगितला. तोवर टपरीवरच्या चारही माणसांचं माझ्याबद्दलचं बोलणं अर्ध्यावर आलेलं होतं.

‘‘कोन गावचे?’’

‘‘ठाण्याचा.’’

‘‘ते झालं. मूय गाव कोनतं?’’

मूळ गाव सांगितलं. ते वऱ्हाडात नाही याची सगळ्यांनी थोडी खंत केली.

‘‘अन इथी कोनाच्या घरी आले, भाऊ?’’

‘‘कोणाच्याच नाही. शकुंतलेचा रस्ता बघायला आलोय.’’

‘‘गाडी बंद हाय.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘मालूम हाय, तरी आले?’’

यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी कानटोपीवाले एक काका बाकीच्यांकडे वळून, पण मला नीट ऐकू येईल अशा बेताने म्हणाले, ‘‘रेल्वेचे दिसतेत. रूळ मोजून राह्यले होते आत्ता.’’

‘‘मी रेल्वेचा नाही हो.’’

‘‘हाव, सांगतच नसतेत ते. सर्वे असला का साध्या कपड्यात येतेत.’’

इन्कार हा पुरावा धरला जातो, हे मला मूर्तिजापुरात पहाटे साडेपाचला कळलं. चहाचे पैसे कोणी घेतले नाहीत.

आता या रेल्वेविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर त्या काकांचा संशय अवास्तव वाटेल. ही लाइन कापसासाठी आली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांना अमरावती, अकोला, खामगाव ही नावं तोंडपाठ झाली. मोठी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तरी आतल्या गावांचा कापूस बैलबंडीनेच येत होता. किलिक निक्सन कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, आणि मूर्तिजापूर मध्ये धरून एक फाटा यवतमाळला गेला, एक अचलपूरला. इंजिन मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं. म्हणजे वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला पोचवायला मँचेस्टरनेच गडी पाठवला होता. तो गडी १९२३ पासून इथे राबला आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाला. सत्तर वर्षांवर नोकरी, बढती एकही नाही. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या लाइनीची मालकी कंपनीकडेच राहिली. गाडी सरकारने हाकायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा. वऱ्हाडात जमिनीचे बटईचे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत, त्यामुळे यात कोणाला काही विचित्र वाटलं नाही.

डिझेल आल्यावर वेग वाढेल असं वाटलं होतं. पण वेग इंजिनाच्या हातात नव्हताच. मधल्या बहुतेक स्टेशनांवर रेल्वेचा माणूस नसायचा. तिकीट गार्डच द्यायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, कोणीतरी उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, फाटक उघडून तो माणूस पळत येऊन चढायचा. ‘‘तितक्यात आमी बोरं तोडून घेऊ,’’ असं मला वाटेत इतक्या जणांनी सांगितलं की त्या लाइनीवर बोरीचं झाड शिल्लक कसं राहिलं, हाच प्रश्न पडावा.

मूर्तिजापूर सोडलं की खारपाणपट्टा सुरू होतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेली ही काळी सपाट जमीन. वर कापूस, तूर, हरभरा झकास. खाली विहीर खणावी तर पाणी खारट. इथल्या घरांत पाण्याच्या दोन जाती आहेत, वापरायचं आणि प्यायचं. प्यायचं नळाने येतं, दुरून धरणातून येतं, आणि रोज येतंच असं नाही. त्यामुळे पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला जातो तेव्हा त्यात या गावचा मोठा ऐवज असतो. मी एका ठिकाणी खारं पाणी चाखायला मागितलं. घरच्या बाईंनी दिलं, पण देताना नवऱ्याकडे पाहिलं. ‘‘पानी तपासनारे होत काय?’’ नवऱ्याने विचारलं. मी नाही म्हटल्यावर त्यांनी आतून चार वर्षांपूर्वीच्या तपासणीचा कागद आणून दाखवला. तोही मी वाचला. न वाचून सांगतो कोणाला?

याच टापूत मूर्तिजापूर तालुक्यात दापुरा आहे, जिथे गाडगेबाबांचं लहानपण मामाच्या घरी गेलं. जन्म पलीकडचा, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा, १८७६ सालचा. बाबांच्या फिरण्याचा मी या वाटेवर पुष्कळ विचार केला. तेही न बोलावता गावात शिरत. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. त्यांनाही पारावरून कोणीतरी हटकलं असणारच. पण त्यांनी आल्या आल्या गाव झाडायलाच घेतलं, की ‘कायले आले’ हा प्रश्न आपसूक बारगळत असेल. खराटा हे ओळखपत्र मोठं जबरदस्त आहे. माझ्या हातात मोबाइल होता.

दर्यापूरच्या पुढे लाइनीला धरून जाताना एक गाव लागलं. नाव देत नाही. तिथल्या दोन घरी माझं जेवण अजून बाकी आहे आणि हे वाचून त्यांनी हिशेब काढू नये. डिसेंबरचे दिवस, दुपार. कडुनिंबाखालच्या पारावर सहा-सात मंडळी ऊन खात बसलेली. मी रुळांवरून येतोय हे त्यांनी दोन वावरांच्या अंतरावरून पाहिलं होतं, त्यामुळे मी पोचेपर्यंत बसायला जागाही झाली होती आणि प्रश्नांची क्रमवारीही.

मी विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रश्नावल्या पाहिल्या आहेत. पाराच्या पासंगाला त्या पुरत नाहीत. वय, नोकरी, पगार, पगार ‘हातात’ किती, घर स्वतःचं की भाड्याचं, स्वतःचं असेल तर किती मजल्यावर, एवढ्या उंचावर पाणी चढतं का, बायको नोकरी करते का, मुलं किती, मुलगी असल्यास दिली का, नसल्यास पाहणं सुरू आहे का, असं सगळं त्यांनी पंधरा मिनिटांत काढून घेतलं. एकही प्रश्न उद्धट नव्हता. पगार ऐकून एका आजोबांनी मायेने विचारलं, ‘‘भागते का इतक्यात?’’ माझ्या कचेरीत हे इतक्या वर्षांत कोणी विचारलेलं नाही.

आडनाव मात्र दोनदा विचारलं. पहिल्यांदा सगळ्यांत आधी. दुसऱ्यांदा जरा थांबून, ‘‘म्हंजे कोनते?’’ असं. याला मी निव्वळ आपुलकी म्हणणार नाही. पारावर आडनाव कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्याला ठाऊक असतं, सांगणाऱ्यालाही असतं, आणि ज्यांनी हा मुलूख हिंडून माणसांनी हे सोडावं म्हणून जन्म घालवला त्यांचे फोटो मागच्याच समाजमंदिरात हार घालून लावलेले असतात. ठाण्यात आम्ही आडनाव विचारत नाही. गृहसंकुलाच्या फाटकावरच्या वहीत लिहून घेतो.

मग पाळी आली माझ्या येण्याच्या कारणाची. ‘‘शेती पाहाले आले काय, घ्याले?’’ नाही. ‘‘इम्याचे?’’ नाही. ‘‘ब्यांकेचे?’’ हे विचारणारा तरुण थोडा सरकून बसला. मी घाईने नाही म्हटलं. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, ‘‘मंग तुमीबी विचाराले आले काय? फॉर्म भरून घेनारे?’’ कोणी हसलं नाही. कापसाने बुडवलेल्या, कर्जाने वाकलेल्या आणि काही वेळा ज्यांचा कर्ता माणूस उरला नाही अशा घरांमध्ये वह्या, कॅमेरे आणि समित्या येऊन गेल्यात. त्यांनी विचारलं, यांनी सांगितलं, चहाही पाजला. गेलेले परत आले नाहीत. पिशवी आणि पेन घेतलेला माणूस दिसला की या पाराच्या मनात पहिलं काय येतं, हे मला तेव्हा नीट उमगलं. मी पेन खिशात घातलं.

तणाव मोडला तो पगाराची काळजी केलेल्या आजोबांनी. ‘‘भूक लागली असन,’’ ते म्हणाले, आणि माझी पिशवी उचलून चालायलाच लागले.

त्यांच्या घरी समोरच्या खोलीत कापूस होता. ‘खोलीत कापूस होता’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कापूस होता आणि त्यात थोडी खोली होती. खिडकीची खालची फळी बुडालेली, भिंतीवरच्या घड्याळापर्यंत ढीग चढलेला, छताच्या पंख्याची पाती दोरीने बांधून ठेवलेली. ‘‘बसा,’’ आजोबा म्हणाले. ‘‘कुठे?’’ मी. ‘‘कापसावर.’’ मी बसलो आणि सावकाश खाली जाऊ लागलो. थांबलो तेव्हा माझे गुडघे हनुवटीच्या पातळीला होते. त्या अवस्थेत माणसाला कोणताही आव आणता येत नाही. सरकी हाताला लागते, बोंडाची वाळकी पानं शर्टात शिरतात, आणि दहा मिनिटांनी खाज सुटते. ती कुठे सुटेल याला नियम नाही. घरच्यांना त्याची सवय आहे म्हणावं तर तीही नाही; त्यांचेही हात बोलता बोलता मानेकडे जात होते.

‘‘कधी विकणार?’’

‘‘भाव आला का.’’

‘‘कधी येईल?’’

‘‘आमी इकला का दुसऱ्या दिवशी येते.’’

एवढ्यात ढिगाच्या शेंड्यावरून, थेट पंख्याजवळून, आवाज आला. ‘‘आबाजी, हे यूट्यूबवाले असतीन.’’ वर पाहिलं तर आजोबांची नात पालथी पडून बारावीचं पुस्तक वाचत होती. घरात अभ्यासाला दुसरी निवांत जागा उरलेली नव्हती. तिने खाली डोकावून मला विचारलं, ‘‘चॅनेल कोनतं हाय, काका?’’

‘‘नाही गं, चॅनेल नाही.’’

‘‘मंग कायले फिरून राह्यले?’’

गाडगेबाबांची, वेलस्लीची आणि माझी सगळी प्रवासविद्या त्या प्रश्नापुढे लंगडी पडली. वेलस्लीचा मजकूर पुढे येतो. आधी जेवण.

जेवायला रोडगे होते. माझ्यासाठी केले नव्हते, तसं आजी चार वेळा म्हणाल्या, म्हणजे माझ्यासाठीच केले होते. जाडसर दळलेली कणीक घट्ट भिजवायची, छोट्या पाऱ्या लाटायच्या, तेलाचं बोट फिरवून तीन-चार एकावर एक ठेवायच्या आणि सगळ्यांना पोटात घेऊन वळायचा गोळा. अंगणात गोवऱ्यांचा जाळ करून तो निवला की आरात हे गोळे पुरायचे. वरून काळपट, तडकलेले, राख लागलेले बाहेर येतात. आजींनी एक उचलला, फडक्यात धरून राख झटकली आणि दोन्ही तळव्यांत दाबला. कट्कन फुटला, आत पदर सुटे, वाफ भसकन वर. तो ताटात कुस्करायचा, त्यात तूप ओतायचं, वरण ओतायचं, शेजारी वांग्याची तिखटजाळ भाजी घ्यायची. पहिल्या रोडग्याला माणूस चव घेतो. दुसऱ्याला श्वास घेतो. तिसरा ताटात टाकू नये म्हणून मी दोन्ही हात आडवे धरले, तर आजींनी तो बोटांच्या फटीतून सोडला. ‘‘वरन पातय हाय, जाईन,’’ त्या म्हणाल्या. गेला. कुठे गेला हे अजून माझ्या डॉक्टरांना कळलेलं नाही.

निघताना पिशवीत तुरीच्या शेंगा, दोन घरांची ‘येत्या खेपेले आमच्याइथी’ अशी बोलावणी, आणि शर्टात कापूस.

अंजनगाव-सुर्जीला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. शकुंतला दर्यापूर-अंजनगाव हे अंतर निवांत कापायची. बातमीला तसली खोड नाही. स्टँडसमोरच्या पानटपरीवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, शर्टाला चिकटलेला पुंजका पाहिला आणि खात्री करून घेतली. ‘‘तीन रोडगे खाल्ले ते तुमीच ना?’’ त्याच्या साल्याचा फोन आला होता. फोनवर माझ्याबद्दल तीन गोष्टी कळवल्या गेल्या होत्या: रेल्वेचा आहे, कबूल करत नाही, जेवतो बरा.

अंजनगावात मला एक जागा बघायची होती. इथेच ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. इंग्रजांकडून आर्थर वेलस्ली होता, पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगभर गाजलेला तोच. तहाच्या आदल्या महिन्यात त्याने अकोल्याकडच्या अडगावला लढाई जिंकली होती, १५ डिसेंबरला वर गाविलगड घेतला होता, आणि मग अंजनगावला येऊन शिंद्यांकडून गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याकडचा मुलूख, भडोच आणि अहमदनगर लिहून घेतलं. दिल्लीचं भवितव्य ज्या गावात ठरलं त्या गावात दिल्लीचं नाव निघालं की आज फक्त गहू किंवा मंत्री आठवतात, आणि हे मला अतिशय निकोप वाटतं. वेलस्ली वऱ्हाडात आला तोही पाच कारणांपैकीच एकाने. वसुलीला.

एका सद्‌गृहस्थांना विचारलं, ‘‘इथे तह कुठे झाला होता?’’

‘‘तहशील? सरय जा, डाव्या हाताले. पन आता बंद झाली असन.’’

‘‘तहसील नाही, तह. १८०३ सालचा.’’

‘‘इतका जुना कागद तिथी भेटनार नाई, साहेब. अमरावतीले जा, रेकॉर्डले.’’

मी पुन्हा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग खालच्या आवाजात विचारलं, ‘‘फेरफार करायचा हाय काय?’’

इतकं झाल्यावर तहाची जागा मी सोडून दिली आणि पानमळा पाहायला गेलो. अंजनगावची नागवेलीची पानं नावाजलेली. मळा बाहेरून कुडांनी बंद असतो, वारा आणि ऊन दोघांनाही परवानगी काढून आत यावं लागतं. मालकाने चपला बाहेर काढायला लावल्या. आत हिरवा काळोख, ओलसर गारवा, आणि शेवरीच्या झाडांना धरून वर गेलेले वेल. बाहेर मैलोन्‌मैल कोरडी काळी जमीन असताना चार पावलांत आपण भलत्याच प्रांतात येतो. बाजूला पानपिंपळी होती. ही औषधाला जाते, मालक सांगत होता. त्याने मला फळ दाखवलं, चाखवलं, जीभ पेटवली, आणि मी पाणी शोधत असताना मुद्द्यावर आला. ‘‘कंपनी भाव काय देते मग?’’

‘‘कोणती कंपनी?’’

‘‘तुमचीच. औषधाची.’’

‘‘मी औषध कंपनीचा नाही.’’

‘‘बरं,’’ तो समजूतदारपणे म्हणाला. ‘‘रेल्वेवाल्याले पिंपयी कायले लागते, म्हनून म्या आपलं इचारलं.’’

पथ्रोटला गाडी थांबली नाही, त्यामुळे त्या गावाबद्दल काही लिहिणं बरोबर नाही. पथ्रोटच्या लोकांनी माझ्याबद्दल काय ठरवलं असेल तेही कळायला मार्ग नाही.

अचलपूर हे एके काळी राजधानीचं शहर. १४९० पासून १५७४ पर्यंत वऱ्हाडची इमादशाही इथून चालली, मग अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. शहराबाहेर हौजकटोरा आहे. तळ्यामध्ये उभी केलेली अष्टकोनी इमारत, वरचे मजले पडलेले, कमानी अजून रुबाबात. मी पोचलो तेव्हा तिथे दोन म्हशी आणि एक नवरा-नवरी होती. नवरा-नवरीबरोबर फोटोवाला होता. म्हशींबरोबर कोणी नव्हतं. जोडगाव परतवाडा हे इंग्रजांच्या छावणीतून वाढलेलं, मेळघाटात शिरण्याआधीचं शेवटचं मोठं बाजाराचं गाव. नगरपालिका दोघांची एकच. तरी अचलपूरचा माणूस परतवाड्याला ‘तिकडे’ म्हणतो आणि परतवाड्याचा अचलपूरला ‘गावात’ म्हणतो, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसरा आपल्याला चिकटलेला आहे. त्या दिवसांत जवळच बहिरमची यात्रा भरलेली होती. ती महिन्याच्या वर चालते. हंडीतलं मटण आणि रोडगे हा तिथला प्रसाद म्हणावा इतका पक्का बेत. मला दोघांनी आग्रह केला. मी ‘रोडगे’ या शब्दापाशीच हात जोडले.

लाइनीचा शेवट बघावा म्हणून स्टेशनकडे गेलो. बुटकी बैठी इमारत, पाटीवरची अक्षरं उन्हाने फिकट, फलाट नावाला. आणि फलाटावर माणसं! क्षणभर वाटलं गाडी सुरू झाली की काय. सात-आठ जण होते, एकाने शाल आणली होती, एकाने कागद. मूर्तिजापूरचे कानटोपीवाले काका, त्यांचे अचलपूरचे व्याही, व्याह्यांचे मित्र, अशा वाटेने निरोप येऊन पोचला होता. मी गावी यायच्या आधी माझं स्वागत ठरलं होतं.

शाल अंगावर पडली. मी म्हणालो, ‘‘अहो, मी खरंच रेल्वेचा नाही.’’

‘‘मालूम हाय साहेब,’’ शाल घालणारे गृहस्थ म्हणाले. ‘‘काकांनी सांगतलं, तुमी असंच म्हनसान.’’

कागद हातात आला. निवेदन होतं. शकुंतला पुन्हा सुरू व्हावी, लाइन ब्रॉडगेज व्हावी, सकाळी आणि संध्याकाळी फेरी असावी. या मागण्या काही त्या दिवशी सुचलेल्या नव्हत्या. या गाडीसाठी इथे आंदोलनं झालेली आहेत, ब्रॉडगेजची घोषणाही झालेली आहे, आणि एसटीच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्तात शाळा, बाजार, दवाखाना गाठणाऱ्या माणसांनी त्या चार तासांबद्दल कधी कुरकुर केलेली नाही. शकुंतलेला विसरणारा दुष्यंत कोण, यावर फलाटावर थोडा वाद झाला. ‘‘आंगठी पूर्नेत पडली म्हना,’’ एक म्हातारे म्हणाले. ‘‘अन पूर्नेत मासे राह्यले कुठी?’’ चौथी मागणी टाइप केलेली नव्हती. वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने खाली घुसवलेली होती: आमच्या गावच्या स्टेशनजवळील हापशीचा दांडा मोडला आहे तो बसवून मिळावा.

‘‘पोच द्या साहेब.’’

माझ्यापुढे दुसरी प्रत धरली गेली. सात-आठ चेहरे. मी ‘मिळाले’ असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. खोटं काहीच नव्हतं. मला ते मिळालं होतं.

‘‘शिक्का?’’

‘‘शिक्का नाही माझ्याकडे.’’

कागद एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. शाल आणणाऱ्यांनी सही उलटसुलट पाहिली. ती वाचता येत नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

‘‘शिक्का जवय ठेवत नसतेत हे,’’ ते बाकीच्यांना म्हणाले. ‘‘शिक्का हाताखालच्या लोकाइपाशी असते. वरचे साहेब होत.’’

हापशीसाठी मी परत आल्यावर एका कचेरीला पत्र घातलं. ही हापशी आपली नाही असं तिने कळवलं आणि दुसऱ्या कचेरीचा पत्ता दिला. दुसरीने पहिलीचा दिला. आता दोघींनाही एकमेकींची पत्रं जोडून तिसरं पत्र टाकलं आहे, आवक क्रमांक माझ्याकडे आहे. निवेदन देणाऱ्यांपैकी त्या वेगळ्या शाईवाल्याचा दर पंधरवड्याला फोन येतो. परवाही आला होता.

‘‘साहेब, गाडीचं जवा व्हईन तवा व्हईन. तुमी काई टेन्शन घेऊ नका. दांड्याचं तेवढं पाहा.’’